प्रश्न विचारणाऱ्यांची बैठक

रत्नागिरी शहरात दोन विद्यापीठांच्या सीमा एकमेकींना खेटून उभ्या आहेत. १९४५ साली सुरू झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. शहरालगतच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय मात्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचे. आंबा घाट चढून पलीकडे उतरले की कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ लागते. या सर्व ठिकाणी संख्याशास्त्र शिकविले जाते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सरासरी आणि विचलन बाजारभावांसाठी शिकतो, मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी तीच सूत्रे माशांच्या वाढीसाठी वापरतो, कृषी पदवीधर तीच झाडांच्या उत्पन्नाला लावतो. सूत्रे तीच, परंतु वेळापत्रके निराळी, परीक्षा निराळ्या आणि विद्यापीठे निराळी.

एकाच शास्त्राचे विद्यार्थी असे वेगवेगळ्या छत्रांखाली विखुरलेले असतात, तेव्हा त्यांना एका सतरंजीवर बसविणारी एक पद्धत अनेक देशांत रुजली आहे. ती म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालविलेले, अनेक विद्यापीठांचे सामाईक संशोधन-चर्चासत्र. बाहेरून पाहता तो तरुणांचा एक साधा मेळावा वाटतो. परंतु या शास्त्रातील एक अतिशय मोलाचा सिद्धांत एका विद्यार्थ्याच्या प्रश्नातून जन्माला आला आहे, आणि तो विद्यार्थी साताऱ्याचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बैठकीचे महत्त्व पटू लागते.

साताऱ्याच्या विद्यार्थ्याचा प्रश्न

कलकत्ता विद्यापीठात १९४१ साली संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. पुढे दोन-तीन वर्षांतच तेथे कल्यमपुडी राधाकृष्ण राव नावाचा एक तरुण अध्यापक शिकवू लागला. १९४४ च्या सुमारास एके दिवशी तो वर्गात रोनाल्ड फिशर यांचे एक प्रतिपादन समजावून देत होता. माहितीचा साठा फार मोठा असेल, तर एखाद्या अंदाजातील चूक किती कमी होऊ शकते, याविषयीचे ते प्रतिपादन होते. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, साठा मोठा नसेल, हाती मोजकेच नमुने असतील, तर असा नियम सिद्ध करता येईल काय?

अध्यापकाजवळ उत्तर नव्हते. राव घरी गेले, रात्रभर त्या प्रश्नाशी झुंजले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सिद्धता घेऊन आले. १९४५ साली ती प्रसिद्ध झाली. स्वीडनचे हाराल्ड क्रामेर यांनाही तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे सापडला होता. म्हणून आज जगभर तो 'क्रामेर-राव असमानता' या नावाने शिकविला जातो. राव यांना २०२३ साली संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो याच १९४५ च्या शोधनिबंधाच्या गौरवार्थ.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी म्हणजे विनायक महादेव दांडेकर. पुढे ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले, आणि नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली त्यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो देशभर गाजला. दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० चा, राव यांचा १० सप्टेंबर १९२० चा. म्हणजे विद्यार्थी गुरूपेक्षा दोन महिन्यांनी वडील होता! त्या वर्गात वयाचा वा अधिकाराचा धाक नव्हता, म्हणून प्रश्न विचारला गेला; आणि 'हे अभ्यासक्रमात नाही' असे म्हणून तो टाळला गेला नाही, म्हणून सिद्धांत जन्मला.

त्या सिद्धांताचा आशय व्यापाऱ्याला सहज उमगेल असा आहे. धान्याचा व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि त्यावरून सबंध मालाची प्रत ठरवितो. दहा पोती तपासली तर अंदाज बरा येतो, शंभर तपासली तर अधिक चांगला. पण दहाच पोत्यांवरून निर्णय घ्यावयाचा असेल, तर निव्वळ हुशारीच्या बळावर चूक कोठवर कमी करता येईल? सिद्धांत सांगतो की, अंदाज बांधण्याची रीत पक्षपातरहित असेल, तर तिच्या अचूकतेला एक मर्यादा आहे. कितीही चतुर गणित मांडले तरी त्या मर्यादेच्या खाली चूक जात नाही. जी माहिती हाती आलेलीच नाही, ती गणितातून उपजत नाही. अधिक अचूकपणा हवा असेल, तर अधिक पोती उघडावी लागतात.

बैठक चालते कशी?

ब्रिटनमध्ये संख्याशास्त्र आणि संभाव्यता या विषयांतील संशोधक विद्यार्थ्यांची एक वार्षिक परिषद चार दशकांहून अधिक काळ भरत आली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, ती विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थ्यांनीच भरवावयाची असते. यजमान विद्यापीठ दर वर्षी बदलते. निबंध मागविणे, निवासाची सोय पाहणे, वक्त्यांचा क्रम लावणे, हिशेब ठेवणे ही सारी कामे यजमान विद्यापीठाचे विद्यार्थी करतात. अनुभवी प्राध्यापक येतात ते निमंत्रित पाहुणे म्हणून.

अशा चर्चासत्रांची रीत जवळपास सर्वत्र सारखीच असते. बोलणाऱ्याला थोडा ठराविक वेळ मिळतो. त्याने पूर्णत्वास गेलेलेच काम मांडावे अशी अट नसते. उलट जेथे गाडी अडली आहे ती जागा दाखविणे अधिक उपयोगाचे ठरते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा विषय तो नसतो, म्हणून वक्त्याला मूळ कल्पना सोप्या शब्दांत सांगावी लागते. समोर परीक्षक नसल्यामुळे 'मला हे समजले नाही' असे म्हणण्याची लाज वाटत नाही. आणि अनेक विद्यापीठे एकत्र आली की आणखी एक लाभ होतो. आपल्या विभागात जे गृहीत धरले जाते, ते दुसऱ्या विभागातील विद्यार्थी गृहीत धरत नाही. तो सहज विचारतो, 'पण असे का?'

जैन परंपरेला ही रीत अपरिचित नाही. स्वाध्यायाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना येते. ग्रंथ वाचला एवढ्याने स्वाध्याय पुरा होत नाही. शंका विचारावी लागते, तिच्यावर चिंतन करावे लागते, आवृत्ती करावी लागते, आणि शेवटी ते दुसऱ्याला सांगता यावे लागते. चर्चासत्रात या पाचही पायऱ्या एका दुपारी घडतात.

चार फुटांचे वर्तुळ

असा प्रश्न मोठ्यांच्या मोठ्या कामालाही कसा कलाटणी देतो, याचे एक उदाहरण शेतीच्या क्षेत्रातील आहे. १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील ताग आणि भात यांच्या पिकांचे अंदाज बांधण्यासाठी नमुना पाहणीची पद्धत घडविली. सबंध शेत कापून मोजणे अशक्य. म्हणून शेतातील एक लहानसा तुकडा चिठ्ठ्या टाकाव्यात तसा निवडावयाचा, तेवढाच कापावयाचा आणि त्यावरून एकूण उत्पन्नाचा अंदाज करावयाचा. त्यांच्या पाहणीत चार फूट त्रिज्येची लहान वर्तुळे वापरली जात. तुकडा लहान असला की वेळ वाचतो, खर्च वाचतो आणि अधिक गावे पाहता येतात.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या सोयीच्या मुळाशीच हात घातला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ साली पीएच.डी. मिळवून परतलेले सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या पाहण्यांचे काम करीत होते. लहान तुकड्यांवरून उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षा अधिक येतो, असे त्यांना आढळले. १९४६ साली त्यांनी ते जाहीरपणे मांडले.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस फूट भरते आणि परिघ सुमारे २५ फूट. म्हणजे कडेच्या दर फुटामागे आतली जमीन अवघी दोन चौरस फूट. आता ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद असा तुकडा घेतला, तर क्षेत्रफळ सुमारे ५४५ चौरस फूट होते आणि कड ९९ फूट. म्हणजे कडेच्या दर फुटामागे साडेपाच चौरस फूट जमीन. कापणी करणाऱ्यापुढे खरी अडचण असते ती कडेवरच्या रोपांची. हे रोप आत धरावयाचे की बाहेर? माणसाचा हात नकळत आत धरण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि तितकी ही चूक मोठी. नमुने वाढविल्याने ती दूर होत नाही, कारण प्रत्येक नमुन्यात ती एकाच दिशेने होते. तराजूच मुळात एका बाजूला झुकलेला असेल, तर शंभर वेळा तोलूनही वजन बरोबर येत नाही.

महालनोबिस यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. मोजणारे प्रशिक्षित आणि साधने नेमकी असतील, तर लहान तुकड्यांनी काम स्वस्तात आणि चटकन होते, आणि बंगालसारख्या विस्तीर्ण प्रदेशात त्याला मोल होते. दोघेही आपापल्या बाजूने खरे बोलत होते. एकाची दृष्टी खर्चाकडे आणि विस्ताराकडे होती, दुसऱ्याची पक्षपाताकडे. दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या गेल्या, म्हणून पीक-कापणीच्या प्रयोगांचे शास्त्र पक्के झाले. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत पोषण विभागाचे संचालक झाले आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे

याच महालनोबिसांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी एक निबंध लिहिला आणि त्यात जैन दर्शनातील स्याद्वादाची सविस्तर दखल घेतली. अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य या तीन मूळ भंगांपैकी त्यांचे विशेष लक्ष अवक्तव्याने वेधले. नाणे उडविण्यापूर्वी छाप आणि काटा या दोन्ही शक्यता एकत्र असतात, पण त्यांपैकी कोणतीही निश्चयाने सांगता येत नाही. अनिश्चिततेला विचारात अशी रीतसर जागा देणारे दर्शन त्यांना संख्याशास्त्राच्या मनोवृत्तीशी जवळचे वाटले. १९५७ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही 'संख्या' या नियतकालिकात सप्तभंगीवर निबंध लिहिला.

हे भंग सातच का, याचे उत्तरही गणितात आहे. तीन मूळ विधाने एकेकटी घेतली तर तीन. दोन-दोन एकत्र घेतली तर तीन. तिन्ही मिळून एक. बेरीज सात. आठवा भंग संभवतच नाही. निवडीचे आणि जोड्यांचे असे गणित जैन ग्रंथकारांना जुन्या काळापासून परिचित होते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. स्याद्वाद म्हणजे संभाव्यतेचे गणित नव्हे. 'स्यात्' या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा नसून 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. घट स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांच्या अपेक्षेने आहे, पराच्या अपेक्षेने नाही. यात संशयाला थारा नाही. संख्याशास्त्र विचारते, किती शक्यता आहे? स्याद्वाद विचारतो, कोणत्या अपेक्षेने? दोहोंना एकच ठरविणे हा दोहोंवरही अन्याय होईल. तथापि स्वभावाचे साम्य उरतेच. विधान करताना त्याच्या मर्यादा सांगावयाच्या, आणि समोरच्याच्या म्हणण्यात कोणत्या अपेक्षेने तथ्य आहे ते शोधावयाचे, ही शिस्त दोघांनाही हवी असते. विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात हीच शिस्त अंगवळणी पडते.

रत्नागिरीचे प्रश्न

चर्चासत्राला विषय परगावाहून आणावे लागत नाहीत. मिरकरवाडा बंदरावर उतरणारी मासळी मोजावयाची कशी? प्रत्येक नौकेची प्रत्येक टोपली मोजणे कोणालाही शक्य नाही. म्हणून भारताच्या किनाऱ्यावर मासळीचे अंदाज नमुना पद्धतीने बांधले जातात: बंदरे निवडावयाची, दिवस निवडावयाचे, त्या दिवशी आलेल्या नौकांपैकी काही निवडावयाच्या. मोजणारा केवळ सकाळीच गेला, तर संध्याकाळी परतणाऱ्या नौका कायमच्या सुटतात आणि चार फुटांच्या वर्तुळासारखीच एकाच दिशेने चूक होत राहते. शिरगावच्या विद्यार्थ्याला मासे ओळखता येतात. शहरातील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला निवड कशी करावी ते ठाऊक असते. प्रश्न सुटण्यासाठी दोघेही हवेत.

हापूसचेही तसेच. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बागेत यंदा किती फळ येईल हा जुना प्रश्न तसाच आहे. हापूसचे झाड एका वर्षी भरभरून फळते आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेते. मोहोर पाहून बाग करारावर घेणारा व्यापारी नजरेने अंदाज बांधतो. त्याची नजर वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार झालेली असते, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती सहसा वाटेवरच्या झाडांवर पडते. उतारावरची, आडबाजूची झाडे निसटतात. झाडांना क्रमांक देऊन त्यांतील काही चिठ्ठ्यांनी निवडली आणि केवळ त्यांचाच मोहोर व फळे मोजली, तर नजरेचा अंदाज आणि नमुन्याचा अंदाज शेजारी मांडून पाहता येतील. चार-पाच हंगामांची अशी वही हे कोणत्याही विद्यार्थ्याला अभिमान वाटावा असे संशोधन ठरेल.

धंद्यातल्या अशा प्रश्नांतूनच हे शास्त्र वाढले आहे. डब्लिनच्या एका मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना मोजक्या नमुन्यांवरून कच्च्या मालाविषयी निर्णय घ्यावे लागत, आणि मोठ्या साठ्यांसाठी रचलेली सूत्रे तेथे फसत. त्यांनी नवी रीत शोधली आणि १९०८ साली ती टोपणनावाने प्रसिद्ध केली. 'स्टुडंट', म्हणजे 'विद्यार्थी', हे ते टोपणनाव. आजही बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची मुले ज्या 'टी' चाचणीची उदाहरणे सोडवितात, ती याच विद्यार्थ्याची.

घराचा वाटा

पुण्यात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण उभे राहिले ते एका माणसाच्या चिकाटीवर. कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९५३ साली त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला. तेव्हापासून अनेक पिढ्या तेथे घडल्या. विभाग उभारावयाचा तर इमारत, पदे आणि अनुदान लागते. चर्चासत्राला यातले काहीच लागत नाही. एक खोली, एक फळा, चहा आणि परगावाहून येणाऱ्या मुलांचे एस.टी.चे भाडे एवढ्यावर ते चालते. ज्या घरांत ज्ञानदान हे दानाच्या चार प्रकारांत गणले जाते, त्यांना एवढा भार जड नाही.

खरा खर्च निराळाच असतो. चर्चासत्रात दिलेल्या दुपारीचे गुण मिळत नाहीत. दुकान, क्लास आणि स्पर्धा परीक्षा यांच्या गर्दीत त्या दुपारीचा हिशेब घरातल्यांना लागत नाही. मुलगा किंवा मुलगी उत्तर घेऊन घरी येईल अशी अपेक्षा असते, आणि ती तर एक न सुटलेला प्रश्न घेऊन येतात. तो प्रश्न निकामी नाही, हे ओळखण्याचा धीर घरात असावा लागतो. पेढीवर वाढलेल्या मुलांना तर या शास्त्राचे बाळकडू घरातच मिळालेले असते. चोपडीत जमेची नोंद बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी आजोबा दहा पाने मधूनच उघडून ताडून पाहत, ती नमुना तपासणीच असे.

आरंभासाठी दिवसही ठरल्यासारखा आहे. महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास कोकणात पाऊस स्थिरावलेला असतो, आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, पावसाळी बंदीमुळे मासेमारी नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि महाविद्यालये नुकती उघडलेली असतात. शिरगावहून चार विद्यार्थी, शहरातून चार, दापोलीहून दोन आणि घाट उतरून कोल्हापूरचे दोन, एवढे बारा जण जमले तरी बैठक भरते. कलकत्त्याच्या त्या वर्गात तर एकाच विद्यार्थ्याने तोंड उघडले होते.